ताळा पाहावा, मग तक्रार करावी

पस्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत गणित शिकविलें. या काळांत एक वाक्य मीं किती वेळां उच्चारलें असेल याची मोजदाद करणें शक्य नाहीं. तें वाक्य म्हणजे, ‘‘ताळा पाहिलास का?’’ गुणाकाराचें उत्तर पुस्तकांतील उत्तराशीं जुळलें नाहीं, कीं एखादा मुलगा धांवत येई आणि पुस्तकांतच छापील चूक आहे असें बेधडक सांगे. पुस्तकांत चुका नसतातच असें नाहीं. परंतु बहुतेक वेळां चूक पाटीवरच सांपडे. आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तींत पाटी माझीच होती, आणि ताळा न पाहतां पुस्तकाला दोष देणारा मुलगाहि मीच होतों.

विषय आहे घरोघर येऊन बसलेल्या वायफायचा. ज्या घरांत नळाला पाणी केव्हां येतें हें सर्वांस ठाऊक असतें, त्या घरांतहि वायफायची पेटी, जिला राउटर म्हणतात, ती काय करते हें बहुधा कोणास ठाऊक नसतें. ती चालते तोंवर तिच्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि बंद पडली कीं सर्वजण एकदम कंपनीवर तुटून पडतात. आम्हीहि तेंच केलें.

२०२१ सालचा पावसाळा होता. महामारीमुळें शाळा-महाविद्यालयें बंद होतीं, आणि अभ्यास, परीक्षा, मुलाखती सारें घरांतूनच चाललें होतें. माझ्या नातीला एका शिष्यवृत्तीसाठीं तोंडी परीक्षा द्यावयाची होती. ती आपल्या खोलींत संगणकासमोर बसली. दोन प्रश्न नीट झाले. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना परीक्षकांचें चित्र पडद्यावर थिजलें, आवाज तुटूं लागला, आणि कांहीं वेळानें संबंधच सुटला. पुन्हां जोडणी होईपर्यंत तिची वेळ संपून गेली होती. ती खोलींतून बाहेर आली तेव्हां कांहीं बोलली नाहीं. सरळ स्वयंपाकघरांत जाऊन पाणी प्याली. तिच्या आजीला तेवढ्यानें सर्व समजलें. सुदैवानें परीक्षकांनीं अडचण ओळखली व आठ दिवसांनीं पुनः परीक्षा घेण्याचें मान्य केलें.

त्याच दिवशीं मीं कंपनीस दूरध्वनि केला. एक तरुण मुलगा पावसांत भिजत आला. त्या वेळीं आमची लिफ्ट बंद होती. तो चार जिने चढून वर आला. पेटीवरील दिवे त्यानें पाहिले, हातांतील यंत्रानें कांहीं मोजलें, आणि म्हणाला, ‘‘काका, लाइन बरोबर आहे.’’ तो गेला आणि तासाभरानें नातीच्या खोलींत पुन्हां तीच रड. मीं त्याला दुसरे दिवशीं बोलाविलें, तिसरे दिवशींहि बोलाविलें. तिसऱ्या खेपेस त्यानें पुन्हां तेंच वाक्य उच्चारलें, तेव्हां माझा तोल सुटला. पैसे पुरे घेतां आणि काम अर्धें करतां, असें मी त्याला म्हणालों. त्याखेरीज आणखीहि जें बोलूं नये तें बोललों. तो उत्तर न देतां खालीं मान घालून जिना उतरून गेला.

दार लावून मी वळलों, तों नात म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही ताळा पाहिलात का?’’

तिनें थट्टेनें म्हटलें कीं खरोखरीच, हें मला आजहि सांगतां येणार नाहीं. परंतु त्या रात्रीं मीं वही घेतली, आणि सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं अध्यापन-विद्यालयांत शिकलेली एक गोष्ट आठवली: उदाहरण मोठें असेल तर त्याचे तुकडे पाडावे, आणि चूक कोणत्या तुकड्यांत आहे हें आधीं ठरवावें.

घरांतील इंटरनेटचा मार्ग असाच तीन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा रस्त्यावरून आपल्या घरांतील पेटीपर्यंतचा, तो कंपनीचा. दुसरा तुकडा पेटीपासून आपल्या संगणकापर्यंतचा, भिंतींतून व हवेंतून जाणारा, तो आपला. तिसरा तुकडा म्हणजे संगणक किंवा फोन स्वतः, तोहि आपलाच. तक्रार करणारा मनुष्य या तिन्ही तुकड्यांस मिळून ‘‘नेट चालत नाहीं’’ असें एकच नांव देतो, आणि मग ज्यानें त्यानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास मोकळीक मिळते.

पहिल्या तुकड्याचा ताळा अगदीं सोपा आहे. आमच्याकडे कांचतंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी आहे. केंसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें संदेश येतात, आणि पेटींत त्या प्रकाशाचें विजेच्या संदेशांत रूपांतर होतें. बहुतेक पेट्यांवर एल्-ओ-एस् अशा अक्षरांचा एक दिवा असतो. तो तांबडा लागला तर प्रकाश पेटीपर्यंत पोंचतच नाहीं असें समजावें. तें दुरुस्त करणें कंपनीचें काम. तथापि त्याआधीं घरांतील तो बारीक तंतु कोठें कपाटाखालीं चेंगरला किंवा खिळ्याभोंवतीं मुडपला तर नाहीं ना, एवढें पाहावें. बांगडीच्या वेढ्याहून लहान वेढा त्याला कधींहि देऊं नये. वांकडेपणा फार झाला कीं प्रकाश तंतूच्या बाहेर निसटतो. आणि तंतूचें उघडें टोंक डोळ्यापाशीं धरून त्यांत प्रकाश दिसतो का, हें पाहूं नये. तो प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसणारा नसतो, परंतु इजा करूं शकतो.

दिवे नीट असतील तर दुसरी परीक्षा. संगणक एका तारेनें सरळ पेटीला जोडावा आणि वेग मोजावा. वेग मोजण्याचीं साधनें फोनवर व संगणकावर फुकट मिळतात. आमची जोडणी सेकंदास १०० मेगाबिटांची होती. तारेनें मोजतां ९४ मेगाबिट भरले. उरलेले सहा कोठें गेले असें कोणी विचारील, तर पत्राबरोबर पाकिटाचेंहि वजन भरतें, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक संदेशावर पत्ता व इतर खुणा घालाव्या लागतात. त्यांतच तो भाग खर्ची पडतो. ही चोरी नव्हे. आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटांत, आणि आपला संगणक फाइलींचा आकार सांगतो तो मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास साडेबाराहून अधिक मेगाबाइट कधींच येणार नाहींत. शेर आणि पायली यांतील फरक न समजल्यामुळें कोणी वाण्याशीं भांडूं लागावें, तसें या बाबतींत पुष्कळदां होतें.

तर पहिला तुकडा बिनचूक ठरला. तो मुलगा तीन वेळां खरेंच बोलला होता. आतां पाटी आमची.

नातीनें चौकटींच्या कागदावर घराचा नकाशा काढला. मीं फोन हातांत घेऊन खोलीखोलींत उभा राहून आंकडे वाचले, तिनें ते नकाशावर लिहिले. पेटीखालच्या बोळांत ६०, बैठकींत ४१, स्वयंपाकघरांत १८, आणि तिच्या टेबलापाशीं ३. तेहि कधीं ३, कधीं शून्य. चित्रासहित संभाषणास दोन ते चार मेगाबिट पुरतात. परंतु ते अखंड मिळावे लागतात. क्षणभर शून्य झालें तरी चित्र थिजतें. नकाशाकडे पाहतांच चूक कोठें आहे हें लपून राहिलें नाहीं. आमची पेटी बोळांतील पोटमाळ्यावर होती. ती तेथें ठेवण्याची आज्ञा कोणी केली? मीं. बैठकींत तारा लोंबतांना दिसल्या तर पाहुण्यांस वाईट दिसेल, असा माझा युक्तिवाद होता. आणि त्या माळ्यावर तिच्या सोबतीस काय होतें? आजोबांच्या वेळचा तांब्याचा हंडा, पितळेचीं पातेलीं, पत्र्याची ट्रंक आणि पाण्यानें भरलेलें एक पिंप. त्याच्यापलीकडे, नातीच्या भिंतीला टेकून, लोखंडी कपाट.

यांत बिघडलें काय, हें समजण्यासाठीं वायफाय म्हणजे काय तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. नांव नवें आहे; तें १९९९ सालीं ठेवलें गेलें, आणि त्यामागील नियमावली १९९७ सालीं निघाली. वस्तु मात्र आपल्या परिचयाच्या रेडिओचीच धाकटी बहीण आहे. दोन्ही बिनतारी लहरींचेच प्रकार. आमच्या लहानपणीं घरीं रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टांतून परवाना काढावा लागे, व दर वर्षीं तो नवा करून घ्यावा लागे. आज आपल्या घरांत ऐकणाराच नव्हे, तर बोलणारा बिनतारी यंत्रसंच आहे, आणि त्याला परवाना लागत नाहीं. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठीं २००५ सालीं परवान्यांतून मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ सालीं. इतक्या आंखूड लहरींचे प्रयोग आपल्या देशाला नवे नाहींत. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीं १८९५ च्या सुमारास याहूनहि आंखूड, अवघ्या कांहीं मिलिमीटरांच्या लहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म अभ्यासिले होते.

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास २४० कोटि कंपनें. अशा लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी त्याच्या निम्म्याहूनहि कमी. लांब लहर भिंतींतून जरा बरी पार होते; आंखूड लहर अधिक माहिती वाहून नेते, पण भिंतीला लवकर थकते. गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली कीं घरांत ढोल ऐकूं येतो, ताशा ऐकूं येत नाहीं; मिरवणूक दारांत आली म्हणजे मात्र ताशाच कानांत भरतो. तसेंच हें आहे. म्हणून पेटी जेथें दिसते त्या खोलींत ५ चा पट्टा वापरावा, आणि दोन भिंतींपलीकडे २.४ चा.

या लहरींना लांकडाच्या दाराची फारशी अडचण होत नाहीं. विटांच्या भिंतीची थोडी होते. लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटची बरीच होते. धातूचा अखंड पत्रा त्यांना मागें परतवितो. आरशाच्या पाठीवरील धातूचा थरहि तेंच करतो. आणि पाणी त्यांना पिऊन टाकतें. ज्या मायक्रोवेव्ह भट्टींत आपण अन्न गरम करतों, तींतील लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे याच जातीच्या असतात, आणि त्यांतील शक्ति अन्नांतील पाण्यांत जिरते म्हणूनच अन्न तापतें. फरक प्रमाणाचा आहे. भट्टींत आठशें-हजार वॉट असतात. पेटीच्या लहरींची शक्ति सुमारें एक-दशांश वॉट. म्हणूनच भट्टींतून निसटणारा, आरोग्याच्या दृष्टीनें नगण्य असा अंशहि जवळच्या २.४ च्या वायफायला त्रास देतो. आमच्या स्वयंपाकघरांतील आंकडा दूध तापवितांना आणखी कां उतरे, याचा उलगडा मला त्या रात्रीं झाला.

त्यांतून अंतराचा नियम वेगळाच. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारी शक्ति चौथाई उरते, तिप्पट झालें कीं नवमांश. एक-दशांश वॉटचें भांडवल घेऊन निघालेल्या लहरीला आम्हीं आधीं हंड्यांत, मग पिंपांत, मग लोखंडी कपाटांत घालून, शेवटीं ‘‘कंपनी लबाड आहे’’ असा निकाल दिला होता.

दुसरे दिवशीं मीं व मुलानें पेटी खालीं उतरविली आणि बोळाच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवली. लोखंडी कपाट दुसऱ्या भिंतीस सरकविलें. पेटीच्या दांड्यांविषयीं, म्हणजे अँटेनांविषयीं, एक सामान्य गैरसमज आहे. बंदुकीप्रमाणें दांडीचें टोंक खोलीकडे वळविलें म्हणजे तिकडे अधिक लहरी जातील, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलटी आहे. दांडीभोंवतीं लहरींचा पसारा मेदुवड्यासारखा असतो, आणि दांडी त्याच्या भोकांतून गेलेली असते. टोंकाच्या दिशेस भोंकच आहे. तिकडे सर्वांत कमी शक्ति जाते. म्हणून एकाच मजल्यावर पसरलेल्या घरांत दांड्या सरळ उभ्या ठेवाव्या.

पुनः नकाशा भरला. नातीच्या टेबलापाशीं ३ चे २२ झाले. घरांत आनंदीआनंद झाला. परंतु मी गणिताचा मास्तर, एका उत्तरावर भुलणारा नव्हे. रात्रीं नऊ वाजतां पुन्हां मोजलें, तों ७!

रात्रीं नवाला काय झालें? इमारतींतील सर्व घरें जागीं झालीं. २.४ च्या पट्ट्यांत आपल्याकडे तेरा वाहिन्यांचे क्रमांक आहेत. पण शेजारशेजारच्या क्रमांकांत अंतर ५ मेगाहर्ट्झचें, आणि एका पेटीला जागा लागते सुमारें २० मेगाहर्ट्झची. त्यामुळें एकमेकांच्या अंगावर न येतां बसणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. पंगतींत तेरा पाट मांडले, पण मांडी घालून बसतां येतें तिघांनाच, असा हा हिशेब आहे. वायफायचा शिष्टाचार मोठा चांगला आहे. प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वीं दुसरें कोणी बोलत आहे का हें ऐकतें, आणि असल्यास थांबतें. वर्गांत एका वेळीं एकानेंच बोलावें, तसें. परंतु साऱ्या इमारतीचा एकच वर्ग झाला, तर पाळी यावयास वेळ लागणारच. शिवाय जो विद्यार्थी दूर शेवटच्या बांकावर बसला आहे, ज्याला प्रत्येक वाक्य सावकाश व दोनदोनदां सांगावें लागतें, तो सर्व वर्गाचा वेळ घेतो. एका कोंपऱ्यांतील एकच दूरचा फोन साऱ्या घराचा वेग कमी करतो, तो असा.

येथें आणखी एक ताळा सुचला. पेटीच्या व्यवस्थेच्या पानावर तिला जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. आमच्या घरांतील यंत्रें मोजलीं तर आठ. यादींत नांवें अकरा. तीन कोणाचीं? मागच्या गणपतींत आलेल्या शेजाऱ्यांच्या मुलांस आम्हींच संकेतशब्द सांगितला होता, आणि तो शब्द म्हणजे आमच्या इमारतीचें नांव व घराचा क्रमांक! मुलांचा दोष नाहीं; पण हा प्रकार बरा नव्हे. आपल्या जोडणीवरून कोणीं कांहीं गैरकृत्य केलें तर बाहेरच्या जगास दिसणारा पत्ता आपलाच असतो. मीं शब्द बदलला. एकमेकांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडून केलेला लांब संकेतशब्द लक्षांत ठेवण्यास सोपा, आणि ओळखण्यास कठीण. सुरक्षेच्या पद्धतींत डब्ल्यू-पी-ए-२ किंवा त्यापुढील ३ निवडावी. डब्ल्यू-ई-पी ही जुनी पद्धति केव्हांच निकामी ठरलेली आहे. पाहुण्यांकरितां बहुतेक पेट्यांत निराळें जाळें काढतां येतें. तें काढावें, म्हणजे आतिथ्यहि राहतें आणि तिजोरीची किल्लीहि हातीं राहते.

आतां चार दिवस उरले होते. कोणीं म्हणालें, मध्यें एक ‘‘रिपीटर’’ बसवा. त्याचा उपयोग आहे. परंतु लोक तो बसवितात तेथेंच, जेथें लहर पोंचत नाहीं. जें ऐकूंच येत नाहीं तें पुन्हां मोठ्यानें कसें सांगावें? तो अर्ध्या वाटेवर, जेथें लहर अद्याप चांगली आहे, तेथें ठेवावा लागतो. आणि साधा रिपीटर त्याच वाहिनीवर ऐकतो व त्याच वाहिनीवर बोलतो, म्हणून वेग सुमारें निम्मा होतो. ज्या दिवशीं चूक परवडणार नाहीं, त्या दिवशीं हवेवर भिस्त ठेवूं नये, तार ओढावी. हा माझा निर्णय झाला, आणि तो आजहि कायम आहे.

बाजारांत मिळणाऱ्या ‘‘कॅट सिक्स’’ तारेच्या पोटांत आठ बारीक तारा असतात. दोन दोन मिळून चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पीळ दिलेली. हा पीळ शोभेचा नव्हे. जोडींतील दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच पडतो आणि वजाबाकींत नाहींसा होतो. टेलिफोनच्या तारांसाठीं ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं काढली. १८८१ सालचें तिचें पेटंट आहे. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. आम्हांस १४ मीटर पुरणार होती.

मीं तार, प्लग, प्लग दाबण्याचा चिमटा आणि आठ दिव्यांचें एक तपासणी-यंत्र आणलें. दोन्ही टोंकांस तारांचे रंग एकाच क्रमानें लावले, चिमट्यानें दाबले, आणि यंत्र लावलें. आठही दिवे क्रमानें लागले. परंतु संगणक जोडला तर वेग कधीं ९०, कधीं १०! ताळा जुळला होता, आणि तरीहि उत्तर चुकलें होतें.

श्रोतेहो, येथें मला नवाच्या ताळ्याची आठवण झाली. २३ गुणिले ३४ बरोबर ७८२. नवाचा ताळा पाहिला तर ५ गुणिले ७ म्हणजे ३५, त्याचे ८. आणि ७८२ चे १७, त्याचेहि ८. जुळलें. परंतु एखाद्या मुलानें घाईत ७८२ च्या जागीं ८७२ लिहिलें, तरी त्याचेहि ८ च होतात! अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्यास कळत नाहीं, हें मीं किती वर्गांना शिकविलें होतें. माझ्या तारेंत नेमकी हीच चूक होती. मीं नारिंगी जोडीनंतर हिरवी जोडी शेजारीं शेजारीं लावली, मग निळी, मग तपकिरी. डोळ्यांस हें नीटनेटकें दिसतें. पण खरा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा निळ्या जोडीच्या दोहों बाजूंस, तिसऱ्या व सहाव्या जागीं बसतात. कारण यंत्रें तिसरी व सहावी हीच जोडी समजतात. माझ्या क्रमानें त्या जागीं एक तार हिरव्या जोडीची व एक निळ्या जोडीची आली, आणि पिळाचा सर्व लाभ बुडाला. दिव्यांच्या यंत्राला मात्र प्रत्येक तार टोंकापासून टोंकापर्यंत पोंचलेली दिसत होती. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, अपुरें होतें.

दोन्ही प्लग कापून नवे लावले. ९४. सकाळीं ९४, रात्रीं नऊ वाजतां ९४.

विजेची एक भीति उरली होती. पावसांत दिवे जातात, आणि पेटी विजेवर चालते. बाजारांत पेटीसाठीं लहान बॅटरी मिळते. घेतांना एवढें पाहावें: पेटीच्या मूळ अडॅप्टरवर जितके व्होल्ट लिहिले असतील तितकेच बॅटरीचे असावे, न कमी न अधिक, अँपियर मात्र तितके किंवा त्याहून अधिक असावे, आणि पिनेवरील अधिक-उणें यांची खूण दोहोंवर सारखी असावी. आमच्या पेटीस १२ व्होल्ट लागतात. बॅटरी जोडून मुख्य बटण बंद केलें, तरी पेटीचे दिवे लागलेलेच राहिले.

आठव्या दिवशीं नात दार लावून बसली. आम्ही दोघे म्हातारे बाहेरच्या खोलींत घड्याळाकडे पाहत बसलों. चाळीस मिनिटांनीं ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, एकदांसुद्धां तुटलें नाहीं. चौथा प्रश्न मात्र चुकला.’’ पुढें शिष्यवृत्ति मिळाली कीं नाहीं, हा आजच्या भाषणाचा विषय नाहीं. तिचें बरोबर उत्तर आणि तिचें चुकलेलें उत्तर, दोन्ही परीक्षकांपर्यंत जसेंच्या तसें पोंचलें. यंत्राला जेवढें करतां येतें तेवढें झालें.

महिन्याभरानें तोच मुलगा शेजारच्या घरीं कामास आलेला मला जिन्यांत दिसला. मीं त्याला आंत बोलाविलें. तो बिचकतच आला. मीं त्याला नकाशा दाखविला, माळ्यावरील हंडा दाखविला, आणि त्या दिवशींचे माझे शब्द मीं परत घेतों असें सांगितलें. त्यानें नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, ‘‘काका, हें मला पहिल्याच दिवशीं दिसलं होतं. पण घरांतल्या वस्तू हलवा असं आम्ही सांगितलं, कीं लोक रागावतात.’’

हें ऐकून मी गप्प झालों. त्याला उत्तर ठाऊक होतें. आणि तें सांगण्याची सोय मीं त्याला ठेवली नव्हती. वर्गांतहि असें किती वेळां झालें असेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

तेव्हां आपल्या घरीं असा प्रसंग आला, तर रागावण्यापूर्वीं अर्धा तास काढावा. दिवे पाहावे. तारेनें वेग मोजावा. तो कमी भरला तर निरनिराळ्या वेळांचे आंकडे तारीखवार लिहून कंपनीपुढें ठेवावे. अशा तक्रारीस उत्तर द्यावेंच लागतें. तो पुरा भरला तर घराचा नकाशा काढावा, पेटी उघड्यावर मध्यभागीं आणावी, यंत्रांची संख्या मोजावी, आणि ज्या टेबलावर महत्त्वाचें काम होतें तेथवर तार न्यावी. आणि कामावर आलेल्या माणसास चहा देऊन एवढें विचारावें, ‘‘तुझ्या मतें चूक कोठें आहे?’’ तो ताळा सर्वांत स्वस्त आहे, आणि मीं तो सर्वांत शेवटीं पाहिला.